खिडकीतून दिसणारे तळे विकत मिळते का?

उन्हाळ्याची सुट्टी नैनितालला घालवून परतणाऱ्या कुटुंबाच्या सामानात चार वस्तू हमखास सापडतात: रंगीत मेणबत्त्या, बुरांशच्या सरबताची बाटली, बालमिठाईचा डबा आणि भीमतालच्या एखाद्या गृहसंकुलाचे गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक. पहिल्या तीन वस्तू महिन्याभरात संपतात. माहितीपत्रक मात्र टेबलाच्या खणात राहते आणि दर रविवारी बाहेर निघते. त्यावर एक बाल्कनी असते. बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या, समोर निळेशार तळे आणि त्यामागे हिमशिखरांची रांग. निवृत्तीला आलेल्या गृहस्थांना आपला भविष्य निर्वाह निधी आठवतो, तर गृहिणीला मे महिन्यात स्वयंपाकघरात गाळलेला घाम. मुले दोन शहरांत असली, तर वर्षातून एकदा सगळे एकत्र जमतील अशी जागा हवीच असते.

हे स्वप्न मुळीच चुकीचे नाही. मात्र त्यात बहुधा आयुष्यभराची शिल्लक गुंतते. म्हणूनच हा तळ्यांचा मुलूख सहलीला आलेल्या पाहुण्याच्या नजरेने न पाहता घर घेणाऱ्याच्या नजरेने एकदा नीट पाहायला हवा.

तळ्यांचा मुलूख

दिल्लीहून रात्रीच्या राणीखेत एक्स्प्रेसने निघाले की सकाळी काठगोदाम येते. सपाट प्रदेश इथे संपतो आणि रेल्वेचा रूळही. १८८४ साली रेल्वे इथवर आली, पुढे डोंगर चढली नाही. इथून नैनिताल सुमारे ३५ किलोमीटर आणि भीमताल सुमारे २१ किलोमीटर. वळणावळणाचा रस्ता, आधी सालाचे जंगल, मग चीड आणि उंचावर बांज म्हणजे ओकचे वृक्ष. जवळपासच्या डोंगरांतच सातताल आणि नौकुचियाताल आहेत. नऊ कोपऱ्यांच्या नौकुचियातालचे सगळे कोपरे एका जागेवरून दिसत नाहीत असे म्हणतात. साततालच्या झाडीत पक्षी पाहायला लांबून लोक येतात.

नैनितालचे तळे सुमारे १,९४० मीटर उंचीवर आहे. स्कंदपुराणात याला त्रिऋषी सरोवर म्हटले आहे. अत्री, पुलस्त्य आणि पुलह या तीन ऋषींनी ते निर्माण केले अशी कथा आहे. सतीचा डोळा इथे पडला म्हणून काठावर नयनादेवीचे मंदिर आहे. भीमताल त्याहून बरेच खाली, सुमारे १,३७० मीटरवर. तळे मोठे आणि त्याच्या मधोमध एक बेट. काठावर भीमेश्वराचे जुने मंदिर आहे. कुमाऊँचा चंद राजा बाजबहादूर याने सतराव्या शतकात ते बांधले. नैनितालपेक्षा इथे थंडी कमी, चढ सौम्य आणि वर्दळ थोडी. वयस्कर माणसांना भीमताल आवडतो, तो यामुळेच.

होडीत झालेला सौदा

तळ्याच्या देखाव्यासाठी जागा मिळवण्याची हौस नैनितालात नवी नाही. शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन १८३९ मध्ये भटकत इथे पोहोचला आणि तळे पाहून वेडावून गेला. पुढे परत येऊन त्याने ‘पिलग्रिम लॉज’ नावाचे घर बांधले. नरसिंग नावाच्या स्थानिक थोकदाराने मात्र या खोऱ्यावर आपला हक्क सांगितला. बॅरनने मजुरांकरवी एक होडी डोंगरावर आणवली होती. त्याने थोकदाराला त्या होडीत बसवून तळ्याच्या मध्यावर नेले आणि हक्क सोडल्याचे लिहून दे, नाहीतर पोहत काठ गाठ, असे सांगितले. नरसिंगला पोहता येत नव्हते. त्याने सही केली. ही हकीकत बॅरनने ‘पिलग्रिम’ या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात स्वतःच सांगितली आहे. नैनितालच्या गाजलेल्या पहिल्याच जमीनव्यवहारात कागद होता, सही होती, पण देणाऱ्याची राजीखुशी नव्हती. तेव्हापासून या डोंगरात जमिनीचा कागद नुसता असून भागत नाही, तो कसा झाला हेही विचारावे लागते.

त्यानंतर गोऱ्या साहेबांची रीघ लागली. उन्हाळ्यापुरती घरे भाड्याने देण्याघेण्याचा धंदा उभा राहिला. या धंद्यातील सुरुवातीच्या नावांत एक बाई होती, मेरी जेन कॉर्बेट, म्हणजे पुढे शिकारी आणि लेखक म्हणून जगभर प्रसिद्ध झालेल्या जिम कॉर्बेट यांच्या आई. पतीच्या निधनानंतर मोठ्या कुटुंबाचा गाडा त्यांनी घरांच्या दलालीवर ओढला. १८७५ साली नैनितालात जन्मलेले जिमही नंतर याच व्यवसायात होते. अयारपाटाच्या उतारावरचे त्यांचे ‘गर्नी हाउस’ आजही आहे. कॉर्बेट भावंडांनी १९४७ मध्ये केनियाला जाताना ते विकले.

डोंगरातल्या घराचे आकर्षण साहित्यिकांनाही वाटले. हिंदी कवयित्री महादेवी वर्मा यांनी रामगढजवळ उमागढ येथे ‘मीरा कुटीर’ बांधली. त्या उन्हाळ्यात तिथे राहत, लिहीत आणि गावातल्या माणसांत मिसळत. डोंगरातले घर कसे वापरावे याचा हा चांगला नमुना म्हणता येईल.

‘फ्लॅट्स’ या शब्दाचा अर्थ

नैनितालच्या मल्लीतालात तळ्याच्या टोकाशी मोठे मैदान आहे. संध्याकाळी तिथे खेळ रंगतात, खेळणी आणि चाटवाले गर्दी करतात. या मैदानाला गावकरी ‘फ्लॅट्स’ म्हणतात. घर घ्यायला आलेल्या प्रत्येकाने इथे थोडा वेळ थांबावे.

१८८० च्या सप्टेंबरमध्ये दोन दिवस मुसळधार पाऊस झाला. १८ सप्टेंबरला आल्मा टेकडीचा कडा सुटला आणि काही क्षणांत व्हिक्टोरिया हॉटेल, नयनादेवीचे मंदिर आणि सार्वजनिक सभागृहाची इमारत मातीखाली गेली. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. वरून आलेल्या ढिगाऱ्याने तळ्याचे टोक बुजले आणि हे मैदान आजच्या एवढे विस्तारले. नयनादेवीचे मंदिर त्यानंतर पुन्हा बांधण्यात आले.

या धक्क्यानंतर इंग्रजांनी उतारांवर दगडी नाल्यांचे जाळे बांधले. पावसाचे पाणी मातीत मुरून उतार फुगू नये, ते थेट तळ्यात जावे, अशी ही योजना होती. नैनिताल आजही त्या नाल्यांच्या भरवशावर उभे आहे. नाला बुजवून त्यावर खोली काढली की वरच्या दहा घरांना धोका होतो, हे इथला जुना रहिवासी जाणतो.

धोका इतिहासजमा झालेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या मॉल रोडचा एक भाग तुटून तळ्यात गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुक्तेश्वरला २४ तासांत ३४० मिलिमीटर पाऊस पडला. तळे रस्त्यावर आले आणि नैनितालचा संपर्क तुटला. ऑगस्ट २०२४ मध्ये तर टिफिन टॉपवरचे ‘डोरोथी सीट’ हे प्रसिद्ध स्थळ दरडीबरोबर कोसळले. जिथे बसून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तळ्याचा देखावा पाहिला, ती जागाच राहिली नाही. शिवाय हा सगळा हिमालयाचा पट्टा भूकंपाचा आहे. उत्तरकाशी १९९१ मध्ये आणि चमोली १९९९ मध्ये हादरले, ते याच राज्यात.

तळ्याच्या रक्षणासाठी नैनितालच्या नागरिकांनी न्यायालयाचे दारही ठोठावले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने नैनितालच्या शहर भागात बहुमजली गृहसंकुले आणि व्यापारी संकुले होऊ नयेत, असे स्पष्ट केले. नव्या संकुलांच्या जाहिरातींत नैनितालचे नाव मोठ्या अक्षरांत आणि भीमताल, भवाली किंवा रामगढ हा पत्ता बारीक अक्षरांत दिसतो, तो काही उगाच नाही.

एका खिडकीत दोन देखावे

आता माहितीपत्रकातल्या चित्राकडे वळू. तळे आणि हिमशिखरे एकाच बाल्कनीतून दिसणे या भागात फार दुर्मीळ आहे. तळी डोंगरांच्या कुशीत, खोलगट जागी असतात. त्यांच्या भोवतीच्या टेकड्याच उत्तरेकडची हिमरांग झाकून टाकतात. नंदादेवी (७,८१६ मीटर) आणि त्रिशूळ (७,१२० मीटर) पाहायला नैनितालच्या पर्यटकालाही रोपवेने ‘स्नो व्ह्यू’वर जावे लागते. मुक्तेश्वर किंवा रामगढच्या धारेवर घर घेतले, तर हिमशिखरे मिळतात पण तळे मिळत नाही. भीमतालच्या काठावर तळे मिळते, आणि पर्वत म्हणजे समोरच्या हिरव्या टेकड्या. त्याही सुंदर आहेत, पण त्यांना हिमालयाचे दर्शन म्हणून पैसे मोजू नयेत.

हिमशिखरेही रोज भेटत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस सरल्यावर ती लख्ख दिसतात. मे-जूनमध्ये, म्हणजे नेमक्या शाळांच्या सुट्ट्यांत, धुरकट हवेमागे अनेकदा दिवसेंदिवस लपलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर समोरची टेकडीही ढगात जाते.

तळ्याचेही तसेच. भीमतालच्या टोकाला १८८३ मध्ये बांधलेला दगडी बांध आहे. तो खालच्या भाबर भागातील शेतीला पाणी देण्यासाठी घातला गेला. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उतरते आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. माहितीपत्रकातले छायाचित्र पावसाळ्यानंतरचे असते. ज्याला घर घ्यायचे आहे त्याने तेच तळे जूनमध्ये पाहावे. नैनितालचे तळे तर गावाला पिण्याचे पाणी पुरवते. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याची पातळी इतकी घसरली की काठ कोरडे पडले. वरच्या अंगाला सुखाताल नावाचा खोलगट भाग आहे. पावसाळ्यात तिथे साठलेले पाणी झिरपून नैनीतालला मिळते. असा झिरपा बांधकामांनी बंद झाला की फटका खालच्या तळ्याला बसतो.

एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या आसपासची जंगले पेटली, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालच्या तळ्यातूनच पाणी उचलून आगीवर ओतले. अशा दिवसांत बाल्कनीतून धुराशिवाय काही दिसत नाही.

या सगळ्याचा अर्थ एवढाच की खरेदीखतात चार भिंती, एक मजला आणि जमिनीचा अविभाज्य हिस्सा लिहिलेला असतो. देखावा त्यात लिहिलेला नसतो. समोरच्या मोकळ्या उतारावर उद्या दुसरे संकुल उभे राहिले, तर बाल्कनीतून त्याच्या पाण्याच्या टाक्या दिसतील आणि तक्रार करायला जागा नसेल. समोरची जमीन कोणाची आहे आणि तिथे काय बांधता येते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या इमारतीइतकाच महत्त्वाचा ठरतो. समोर राखीव जंगल असले तर देखावा सुरक्षित राहण्याची शक्यता अधिक. समोर कोणाचे तरी सोपानशेत असले, तर तो देखावा उसना समजावा.

खतौनी आणि कायदा

उत्तराखंडात बाहेरच्या माणसाने जमीन घेण्यावर निर्बंध आहेत. राज्य स्थापन झाल्यावर काही वर्षांतच, २००३ मध्ये, नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी ५०० चौरस मीटरची मर्यादा आली. २००७ मध्ये ती २५० चौरस मीटर झाली. २०२५ मधील दुरुस्तीने हरिद्वार आणि उधमसिंहनगर वगळता उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची आणि फळबागेची जमीन घेण्यास मनाई झाली. नैनिताल जिल्हा या ११ मध्ये येतो. घरासाठीची २५० चौरस मीटरची सवलत एका कुटुंबाला एकदाच, तीही प्रतिज्ञापत्रावर. गावकऱ्यांची शेते विकली जाऊन डोंगरातला माणूसच पोरका होऊ नये, हा या मागणीमागचा जिव्हाळा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

जमीन घेणे अवघड झाल्यामुळेच तयार सदनिकांकडे लोक वळतात. पण सदनिकाही जमिनीवरच उभी असते. महाराष्ट्रात जसा सातबारा, तशी तिकडे खतौनी. महाराष्ट्रात जसा फेरफार, तसे तिकडे दाखिल-खारिज. जमीन शेतीची असेल तर ती बिगरशेती झाली का, हे पाहावे लागते. स्थानिक दलाल त्याला नुसते ‘१४३ झाले आहे’ असे म्हणतात. जमीनदारी उन्मूलन कायद्यातील त्या क्रमांकाच्या कलमावरून हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. दलालाच्या शब्दावर न जाता आदेशाची प्रत मागावी. विकास प्राधिकरणाने मंजूर केलेल्या नकाशात किती मजले आहेत ते मोजावे आणि प्रत्यक्षात किती उभे आहेत तेही मोजावे. या कामी बिल्डरने सुचवलेला वकील घेऊ नये. हल्द्वानी किंवा नैनितालचा, आपण निवडलेला वकील घ्यावा.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, ग्राहकाच्या हाती काही साधने दिली आहेत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावे लागतात. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरची. नोंदणी क्रमांक घेऊन ‘रेरा’च्या संकेतस्थळावर तो तपासणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

ताब्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. पुण्याजवळ मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा वसवायला घेतले तेव्हा तिथेही तळे होते, डोंगर होते आणि देखणी चित्रे होती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि पैसे भरलेली अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे ताटकळली. तळे आणि डोंगर जागच्या जागी होते, अडकली ती माणसांची बचत.

कुलूपबंद घराचा हिशेब

समजा, सदनिका ६० लाखांना पडली. हीच रक्कम ६ टक्क्यांनी ठेवली असती तर वर्षाला ३ लाख ६० हजार व्याज आले असते. देखभालीचे महिना ४ हजार धरले तर वर्षाचे ४८ हजार. म्हणजे वर्षाला ४ लाख ८ हजार. कुटुंब वर्षात २० दिवस राहिले, तर एका दिवसाचे भाडे २० हजारांच्या वर पडले. यात प्रवास, रंगरंगोटी आणि दुरुस्ती धरलेली नाही. जागेची किंमत वाढेल हे खरे असू शकते, पण डोंगरातले घर विकायला काढले की गिऱ्हाईक मिळायला शहरातल्यापेक्षा जास्त वेळ लागतो हेही खरे आहे.

हिशेब उलटा करून पाहिला तर चित्र बदलते. तेच कुटुंब वर्षात १२० दिवस राहिले तर दिवसाला ३,४०० रुपयेच पडतात. म्हणजे घर स्वस्त की महाग, हे किमतीपेक्षा वापरावर ठरते. नोकरी करणाऱ्या, मुलांच्या शाळेला बांधलेल्या कुटुंबाने घाई करण्यात अर्थ नाही. निवृत्त आणि धडधाकट दांपत्याची गोष्ट वेगळी.

वापराविना बंद राहिलेल्या घराची दशा डोंगरात लवकर होते. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, गाद्यांना वास येतो, लाकडी दारे फुगतात. माकडे बाल्कनीतल्या कुंड्या ठेवत नाहीत. म्हणूनच काही संकुले घर भाड्याने चालवून देण्याची योजना सांगतात. अशा करारात मालकाला स्वतःला कोणते दिवस मिळणार, हंगामातले की पावसाळ्यातले, हे आधी वाचावे. ‘हमखास उत्पन्न’ किती वर्षांचे आणि ते कोण देणार, तेही पाहावे.

वयाचा विचार तर सर्वांत आधी. भीमतालला उद्वाहक असलेल्या इमारतीतही रस्त्यापासून दारापर्यंत पन्नास पायऱ्या असू शकतात. मोठी रुग्णालये हल्द्वानीला आहेत. पावसाळ्यात दरड पडून रस्ता बंद झाला, किंवा जूनमध्ये कैंचीधामच्या यात्रेने वाहने तुंबली, तर तासाभराचा रस्ता किती वेळ घेईल याचा नेम नाही.

पारख कशी करावी

डोंगरातली माणसे घराची जागा पाहताना देखाव्याकडे शेवटी पाहतात. आधी ती पाहतात गधेरा, म्हणजे पावसाळी ओढा कुठून वाहतो ते. आज कोरडा दिसणारा गधेरा ऑगस्टमध्ये आपली वाट मागायला येतो. मग ती पाहतात पुश्ता, म्हणजे उतार अडवणारी दगडी भिंत. पुश्त्याला पाणी निघून जाण्याची भोके आहेत का, भिंत पोटाशी फुगली आहे का, हे साध्या डोळ्यांनाही दिसते. झाडे तिरकी वाढली असतील तर उतार सरकतो आहे असे समजतात. पाण्यासाठी जवळ नौला, म्हणजे दगडी बांधणीचा झरा जिवंत आहे का, की टँकरवर भिस्त आहे, हेही विचारतात. बांजाचे रान शेजारी असेल तर झऱ्याची आशा धरतात, नुसता चीड असेल तर वणव्याची काळजी करतात.

शहरातल्या कुटुंबाला ही नजर एका भेटीत येत नाही. त्याचा सोपा उपाय म्हणजे घर घेण्याआधी त्याच गावात, शक्यतो त्याच संकुलात, ऑगस्टमधले पंधरा दिवस आणि जानेवारीतले पंधरा दिवस भाड्याने राहून पाहणे. वीज किती वेळा जाते, पाणी किती वाजता येते, रात्री छातीत दुखले तर कोण गाडी काढते, दूधवाला आणि किराणावाला किती दूर आहे, हे सगळे त्या महिन्यात कळते. शेजाऱ्यांपैकी किती जण खरोखर राहतात आणि किती दारांना कुलपे आहेत, तेही कळते. महिनाभराचे भाडे किमतीच्या मानाने किरकोळ आहे आणि त्यात वाचणारी रक्कम आयुष्यभराची असू शकते.

एवढे पाहूनही ज्यांचे मन तिथेच रमले त्यांनी जरूर घर घ्यावे. मात्र तळ्यात सांडपाणी सोडणाऱ्या संकुलाला नकार द्यावा, नाला बुजवू देऊ नये, गावच्या झऱ्यावरचा हक्क गावाचा आहे हे मानावे. खिडकीतले तळे कोणाच्याच नावावर होत नाही. ते काठावरच्या सगळ्यांनी मिळून राखले तरच दिसत राहते, आणि घर घेणारा त्या राखणदारांपैकी एक होतो. ही जबाबदारी नको असेल, तर दरवर्षी पंधरा दिवस येऊन, होडीत बसून, बालमिठाईचा डबा घेऊन परत जाण्यातही काही कमीपणा नाही. त्या पाहुण्यालाही तळे तेवढेच निळे दिसते.